थोरल्याची धून

गुरं चारायला दक्षिणेकडे गेलेले सारे गुराखी बाजारच्या दिवशी परतले, फक्त कुंबोचा थोरला तेवढा दिसेना. विचारायचीही सोय नव्हती, कारण फुलानी जमातीत आईनं पहिल्या लेकराचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे लाज सोडणं. दह्यानं भरलेला पोकळ भोपळा पुढ्यात घेऊन ती ढवळत बसली होती. ढवळून ढवळून दह्याचं पार ताक झालेलं.

समोर हौसा जमातीचा म्हातारा वादक सुलेबाबा आपली गोगे जुळवत होता. घोरपडीच्या कातड्यानं मढवलेली, घोड्याच्या केसांची एकच तार असलेली सारंगी ती. त्यानं ते ताक पाहिलं.

"आज कुणाची धून वाजवू गं, पोरी?"

"कुणाचीही वाजवा, बाबा. मला काय त्याचं!"

म्हाताऱ्यानं गज ओढला. पहिल्याच सुरात बाजारानं ओळखलं, ही गिडाडोची धून, कुंबोच्या थोरल्याची. तिथं प्रत्येक गुराख्याची आपली वेगळी धून; ज्याची धून वाजेल तो हजर नसेल, तर त्याच्या सोबत्यानं उठून जबाब द्यायचा, असा तिथला रिवाज. एक गुराखी उठला.

"येतोय तो मागून, बाबा! वाटेत गाय व्याली. वासरू खांद्यावर घेऊन चालतोय, म्हणून उशीर."

कुंबोच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण सुलेबाबाच्या वाडग्यात ती ताक ओतत राहिली. वाडगं भरलं, ओघळ म्हाताऱ्याच्या पायावरून वाळूत गेला, तरी तिचा हात थांबेना.

"बस कर, पोरी," म्हातारा हसला, "थोडं थोरल्याला ठेव."