काळपुळी

खाटकाच्या बायकोच्या मनगटावरचा काळा फोड डॉक्टरीणबाईंनी निरखून पाहिला. एवढा मोठा फोड, पण दुखत नव्हता.

“आजारी जनावर कापलंत का?”

“छे हो, काटा लागलाय तिला,” नवरा घाईघाईनं म्हणाला.

“काटाबिटा काही नाही. मागच्या आठवड्यात एक म्हैस अचानक मेली, तीच कापली आम्ही,” ती म्हणाली. “मांस अख्ख्या गल्लीत गेलंय.”

“ही काळपुळी आहे, जनावराकडून आलेली. ज्यांनी मांस नेलं त्या सगळ्यांना आजच औषध द्यायला हवं.”

“मी घरं सांगते, तुम्ही लिहून घ्या.”

नवऱ्यानं तिचा दंड धरला. “तोंड आवर! लोक दुकान पेटवतील आपलं.”

तिनं हात सोडवून घेतला.

“पेटवू देत. पेटवायला जिवंत तर राहतील!”