चौकटीतलं मूल

"हे भरलंय कुणी?" लुआन गुरुजींनी लाळेरं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने एकच चिनी अक्षर भरलं होतं. एक चौकट, आणि तिच्या आत 'मूल' या अर्थाचं चिन्ह.

"ठाऊक नाही," सुजन म्हणाली. छप्पन्न वर्षांची बाई, पण परीक्षेला आल्यासारखी अवघडून बसली होती. "आमच्या गावात कुणालाच वाचता येईना."

"कसं येणार? आपल्या हनान प्रांतात हे लिहितंय कोण!" गुरुजींनी चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. तरी त्यांनी कोश काढून खात्री करून घेतली. "याचे उच्चार दोन. शांघायकडे 'नान', म्हणजे लाडकं तान्हं. फुजियानच्या किनाऱ्याला 'जिएन', म्हणजे पोटचं पोर."

"मग हे यातलं कुठलं?"

"नुसत्या अक्षरावरून कसं सांगू?"

सुजनने हातातला रुमाल पिळला. "आणलं तेव्हा पोर अडीच वर्षांचं होतं. नाव विचारलं की 'क्यांग, क्यांग' म्हणत रडायचं. असं घरात सांगतात."

गुरुजींनी चष्मा काढला.

"फुजियानातल्या फूचौकडची माणसं बोलताना याच अक्षराला क्यांग म्हणतात. ते नाव नव्हतं, पोरी. घरी 'बाळा, बाळा' हाक मारत असतील, तेच ते सांगत होतं."

सुजनला रडू फुटलं. गुरुजींनी थर्मासमधलं गरम पाणी तिच्यापुढे ठेवलं.

"तुझ्या वयाची किती पोरं तेव्हा देशोधडीला लागली! कुणी टाकली, कुणी विकली. तुझा काय दोष त्यात?"

सुजनने लाळेरं पुढ्यात ओढून त्याची घडी घातली.

"आता शोधणं सोपं झालंय. पोलिसांकडे रक्ताचा थेंब द्यायचा. तिकडच्या घरच्यांनीही दिला असेल तर जुळतो."

"आई असेल अजून?"

"असली तर वाटेकडे डोळे लावून बसली असेल. उशीर करू नकोस."

ती बसने घरी पोचली तेव्हा अंगणात ऊन होतं. तिचा तिशीतला मुलगा हाइफंग कांद्याची पात चिरत होता. तिला पाहताच तो सुरी टाकून उठला.

"आई, लाळेऱ्यावरून कळलं का माझं गाव? मी स्वतः जातो म्हणत होतो, तर तू ऐकेनास."

"काय कळायचंय?" सुजन म्हणाली. "भरणाऱ्याचंच चुकलंय. असं अक्षरच नाही म्हणाले."