तीन खुणा

“नकाशा चाळीस मीटर सरकलाय, साहेब,” नकाशाबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याकडे पाहिलं. घरांचे चौकोन, मधून जाणारी नव्या रस्त्याची लाल रेघ. काय सरकलंय आणि काय नाही, हे त्यांना सात जन्मांत कळलं नसतं.

कार्यालयाने महागडं सॉफ्टवेअर बंद करून फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं घेतलं होतं. वस्तीचा नकाशा मात्र कंपनीकडून विकत आणलेला, कंपनीच्याच बंद साच्यातला. तो इथे उघडायचा म्हणजे दुसऱ्याच्या कपाटाला आपली किल्ली लावण्यासारखं होतं. कधी घरमालकांची नावं गळत, कधी अख्खी वस्ती बाजूला सरके. गेल्या वर्षी एक शाळा तळ्यात गेली होती. कार्यालय त्यावर अजून हसत होतं.

“मग आता?”

“तीन खुणा लागतात. टाकी, पूल आणि शाळा. त्यांची खरी जागा मोजायची आणि नकाशा ओढून त्यांवर बसवायचा. रविवारी यंत्र घेऊन मीच मोजून आलेय. वहीत आहे सगळं.”

“तुम्ही मोजलंत म्हणजे झालंच.”

बाईंनी आकडे भरले. सगळी घरं एकदम पूर्वेला सरकली. लाल रेघ होती तिथेच राहिली, पण तिच्याखाली आता दुसरीच घरं आली. साहेबांनी पाडायच्या घरांची यादी वाचली आणि चौथ्या नावावर थांबले.

“बाई, हे तर...”

“हो. सख्खा भाऊ आहे माझा.”

“हवं तर पुन्हा एकदा बघा.”

“रेघ नातं बघत नाही, साहेब.”

चहाच्या वेळेपर्यंत हे वाक्य तिन्ही मजल्यांवर फिरलं. जिथे जो तो आपल्या मेव्हण्याचं कुंपण वाचवत आला होता, तिथे कोणीतरी सख्ख्या भावाला सोडलं नाही, याचं सगळ्यांना भलतंच कौतुक वाटलं. शिपायाने त्या दिवशी साहेबांच्या आधी बाईंना चहा दिला.

पुढचं काम यंत्राशिवायच चाले. रस्त्याचे खांब रोवणारे नकाशाची प्रत घेऊन येत आणि त्यावर दाखवलेलं अंतर प्रत्यक्ष घराच्या कोपऱ्यापासून टेपने मोजत. नकाशा म्हणेल तिथे खांब, खांब म्हणेल तिथे रस्ता.

संध्याकाळी दादा परसातून आला. दोघांच्या घरांमध्ये तेवढं परसच होतं. वडील गेल्यावर त्यानेच बहिणीला शिकवलं होतं. तिचा संसार मोडला तेव्हा या दोन खोल्याही त्यानेच उन्हातान्हात उभं राहून बांधून घेतल्या होत्या.

“पुन्हा एकदा मोजशील?” त्याने विचारलं.

“मोजलंय, दादा. तीनदा.”

“सरकव म्हणत नाही मी. चूक असली तर, म्हणून विचारतोय. आईने त्या घरात हयात काढलीय.”

“चूक नाहीये.”

दादा स्वतःशीच मान हलवत म्हणाला, “तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार. लहानपणी पाटीवरची रेघसुद्धा तुला वाकडी चालायची नाही. आईला तेवढं तुझ्याकडे ठेव. आम्ही बघू कुठेतरी.”

बाईंना रडू फुटलं. दादाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुझा काय दोष, वेडे?”

दोन महिन्यांनी दादाचं घर पडलं. तो बायको आणि सामान घेऊन गावाबाहेर भाड्याच्या एका खोलीत गेला. आईची खाट बाईंच्या घरात खिडकीपाशी आली. तिला आता नीट दिसत नव्हतं.

“ही कशाची गं धूळ?”

“रस्त्याची,” बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

मग त्यांनी कपाटातून वही काढली आणि रविवारचं पान फाडलं. टाकी, पूल, शाळा. कंपनीचा नकाशा पहिल्याच दिवशी तिन्ही खुणांवर तंतोतंत बसला होता, आणि लाल रेघ याच खोलीवरून जात होती.