पाकिटातला फोटो

"हे एकटं नाही चालणार, डॉक्टरसाहेब. यावर फोटो नाही."

गार्डने लायसन्स परत केलं. खासगी विमानांच्या त्या छोट्या विमानतळाच्या गेटवर डॉक्टर चाट पडले. चौदा वर्षं दर रविवारी सकाळी ते इथून आत जात होते. चौदा वर्षं हाच गार्ड सलाम ठोकून फाटक उघडत होता.

"अरे, वैमानिकाच्या लायसन्सवर फोटो नसतोच. कधीच नव्हता. तुला काय आज कळलं?"

"म्हणूनच सोबत फोटोचं ओळखपत्र बघायचा नियम आहे, साहेब. आतापर्यंत चालवून घेतलं. सोमवारपासून सक्त ताकीद आहे. ओळखीवर कुणालाही सोडायचं नाही, फोटो आणि चेहरा ताडून बघायचा."

डॉक्टर दातांचे. दोन वर्षांपूर्वी दवाखाना मुलीकडे सोपवून ते मोकळे झाले होते. या गार्डची अक्कलदाढ त्यांनीच फुकटात काढली होती, आणि ते त्यांनी आता बोलूनही दाखवलं.

"दाढेबरोबर अक्कलही काढून घेतली वाटतं मी!"

गार्ड कसनुसा हसला, पण फाटकाला हात लावेना. डॉक्टरांना ते फार लागलं. ओळखीचा माणूस असा तोंडावर परका झाला की राग येण्याआधी वाईटच वाटतं.

मागे उभ्या गाडीत बायको बसली होती. दर रविवारी विमानातही ती त्यांच्या शेजारच्या सीटवर असायची. हल्ली गाडी तीच चालवायची. "आयुष्यभर ड्रायव्हरकी केली, आता जरा मालकासारखं बसू दे," असं डॉक्टर म्हणायचे. एरवी असा वाद झाला की ती खिडकीतून "जाऊ द्या हो" म्हणायची. आज स्टिअरिंग धरून बसलेल्या तिने काचही खाली केली नाही.

"घे बाबा, बघ तुझा नियम." डॉक्टरांनी पाकिटाच्या नेहमीच्या कप्प्यातून कार्ड काढून दिलं.

गार्डने कार्डाकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, हे बाईंचं आहे."

"काहीतरीच काय!" डॉक्टरांनी कार्ड हिसकावून घेतलं. जवळ धरलं, लांब धरलं, मान तिरकी करून बघितलं. मग ठासून म्हणाले, "माझंच आहे. फोटो जुना आहे. डोक्यावर केस होते तेव्हाचा."

फोटोतल्या बाईंच्या कानात मोती होते. गार्ड जमिनीकडे बघत राहिला.

गाडीचं दार उघडलं. ती जवळ आली. "ते माझंच आहे. मीच ठेवलंय तुमच्या पाकिटात." तिने पर्समधून दुसरं कार्ड काढलं. "तुमचं हे इथे आहे."

डॉक्टरांना क्षणभर काही उमगेना. मग सगळं एकदम उमगलं.

"म्हणजे तू? तू मला गेटवर अडवायला लावलंस? हा तर परका माणूस, तू घरची ना गं? केसाने गळा कापलास! लायसन्ससाठी डोळे तपासायच्या आधी तक्त्यावरची अक्षरं कुणी पाठ करून घेतली माझ्याकडून? पाढ्यासारखी?"

"मीच. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या धूसर दिसतात, असं म्हणाला होतात. दोन ओळींसाठी मी त्या खोटेपणात सामील झाले. पण या नव्या नियमाचं पत्र सोमवारी घरी आलं. तुम्ही उघडलंत, दोन मिनिटं डोळ्यांसमोर धरलंत आणि 'नेहमीचंच आहे' म्हणून ठेवून दिलंत. त्याच संध्याकाळी मी कार्डं बदलली."

"विमान उतरवायला पत्रं वाचावी लागत नाहीत. धावपट्टी केवढी मोठी असते! ती दिसते मला. दे ते कार्ड."

गार्ड चुळबुळला. "बाई, तुम्ही दिलंत तर मला सोडावं लागेल. लायसन्स आहे, फोटो आहे, चेहरा जुळेल. डोळे तपासायचा नियम गेटवर नाही."

पलीकडे, शेडखाली, त्यांचं दोन सीटचं विमान उभं होतं. मेकॅनिकने पंख पुसून ठेवले होते. डॉक्टरांच्या आयुष्यात आता हा रविवारचा एक तास सोडला तर स्वतःचं म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं, आणि ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिने त्यांच्या हातातलं आपलं कार्ड काढून घेतलं. दोन्ही कार्डं मागेपुढे केली आणि त्यांच्यासमोर धरली.

"घ्या. यातलं तुमचं उचला आणि जा. मी अडवणार नाही."

डॉक्टरांचा हात पुढे आला. एका कार्डावर थांबला, दुसऱ्याकडे सरकला, परत पहिल्यावर आला. मग खाली गेला.

"दगा दिलास," ते म्हणाले. आवाज फुटला होता.

"हो, दिला." तिचेही डोळे भरले होते, पण ती त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभी राहिली. "सहा दिवस मी वाट बघितली. रोज वाटायचं, आज पाकीट उघडून विचाराल, अगं, तुझं कार्ड माझ्याकडे कसं? दर रविवारी तुमच्या भरवशावर मी त्या विमानात बसत आले. आता खरं सांगा, माझा चेहरा तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"