मे महिन्यातलं गरम पाणी

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, सुलभा वाढईने वीजघरातून लाऊडस्पीकरवर सांगितलं, "सगळ्यांनी गरम पाण्याचे नळ सोडा. मी सांगेपर्यंत बंद करू नका."

पळसगावची वीज गावातच, भाताच्या तणसाच्या गॅसवर तयार व्हायची. इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, त्या गॅसची वीज करायचा, त्याच्या धगीवर टर्बाइन फिरायचं आणि उरलेली उष्णता पाण्यातून घरोघरी जायची. थंडीत त्या पाण्यासाठी बायका सुलभाशी भांडायच्या. उन्हाळ्यात ते कोणालाच नको असायचं, मग मोठे पंखे ती उष्णता बाहेर फेकायचे. आज पंखेच जळाले होते; उष्णता बाहेर काढायला आता घरोघरचे नळच उरले होते. घट बंद केला तर गावाची वीज गेली असती, तो पुन्हा तापायला तीन दिवस लागले असते, आणि दवाखान्यात शेवंता गेडामचं सिझर सुरू होतं.

घटाच्या तापमानाचा काटा तांबड्या रेषेला टेकला, थरथरला आणि हळूहळू मागे आला. सुलभाने खिडकीतून पाहिलं. सत्तेचाळीस डिग्रीच्या उन्हात दारोदारी गरम पाण्याचे पाट वाहत होते. कोणी गोधड्या धूत होतं, कोणी नुसतंच अंगावर ओतून घेत होतं.

काटा खालीच राहिला, तेव्हा चार वाजता ती दवाखान्यात पोचली. व्हरांड्यात ओल्या केसांनी, लालबुंद तोंडांनी गाव उभं होतं. नव्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पण तुम्ही सगळे असे न्हाऊन? आज काही सण आहे का?"

सुलभा पुढे झाली. तिने सगळ्यांपुढे हात जोडले.

"नव्हता बाई," थंडीत सुलभाशी सगळ्यात जास्त भांडणारी पर्बताबाई म्हणाली, "आता झाला."