पाठमोरा माणूस

अमरावतीच्या फोटोग्रुपवर या आठवड्याच्या स्पर्धेचा विषय होता ‘रस्त्यावरची भक्ती’. तीनदा आचलच्या मागे दुसरे आलेले खुशालराव तिचा फोटो पाहून आतल्या आत जळले. भर चौकातल्या मांडवात सारे कीर्तनात रंगलेले, फक्त एक पाठमोरा माणूस मोबाईलमध्ये मुंडी घालून बसलेला.

खोट सापडली तशी खुशालरावांनी लगेच लिहिलं, “पोरी, या एका माणसानं साऱ्या फोटोचं मातेरं केलं. बुवा जीव ओतून गाऊन राहिले, अन् याले मोबाईल सुचून राहिला! कापून टाक त्याले.”



आचलचं उत्तर आलं, “काकाजी, फोटो मोठा करून त्याच्या मोबाईलवर पाहा जरा. माझाच मागच्या आठवड्यातला फोटो हाये, अन् खाली तुमीच त्याच्या चुका टाईप करून राहिले.”