जहाजावरचा मेजर

दारात एक धिप्पाड माणूस उभा होता, साध्या कपड्यांत, हातात पिशवी. "नमस्कार वहिनी! मी मेजर. तुमच्या मिस्टरांच्याच जहाजावर असतो."

नौदलवाल्याची बायको ती, हुद्दे तिला पाढ्यांसारखे पाठ. नौदलात मेजर नसतोच मुळी! गेल्याच आठवड्यात समोरच्या काकूंचं डोकं फोडून गेलेला तोतयाही असाच 'साहेबांचा मित्र' म्हणून आला होता. आणि आत लेक झोपलेली.

"या ना, बसा. पाणी आणते," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि खलातला लोखंडी बत्ता पाठीमागे धरून बाहेर आली. तो बूट काढायला वाकला होता. तिनं सगळा जोर लावून बत्ता त्याच्या डोक्यात घातला. तो उठायला धडपडला, तसा पुन्हा घातला. मग तो हललाच नाही.

रक्ताळल्या हातानंच तिनं वाजणारा फोन उचलला. नवरा होता.



"मेजर पोचला का गं? तसा आर्मीतून आलेला कॅप्टन आहे तो, पण जहाजावर कॅप्टन एकच असतो ना, म्हणून आम्ही सगळे त्याला मेजर म्हणतो. चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस हं!"